धूर आधी कोणाला दिसतो?

१४ एप्रिलला सकाळी आपण निळे झेंडे घेऊन घराबाहेर पडतो. त्याच सकाळी भायखळ्याला अग्निशमन दलाच्या मुख्यालयात कर्तव्यावर मरण पावलेल्या जवानांना मानवंदना दिली जाते. देशभरचा अग्निशमन सेवा सप्ताहही याच तारखेला सुरू होतो. दोन्ही गोष्टी एका दिवशी येतात हा योगायोग आहे. पण रे रोड, दारूखाना, कॉटन ग्रीन, शिवडी या पट्ट्यात राहणाऱ्या आणि राबणाऱ्या आपल्या माणसांनी या दुसऱ्या गोष्टीकडेही एकदा नीट पाहावे, असे आम्हाला वाटते.

आम्ही म्हणजे काही परिचारिका. काही अजून नोकरीत आहोत, काही नोकरी सोडून पूर्णवेळ चळवळीत आलो. महिन्यातल्या एका रविवारी आम्ही रे रोडच्या वस्तीत प्रथमोपचाराचा वर्ग घेतो. भाजले तर काय करायचे, रक्त कसे थांबवायचे, छातीवर दाब कसा द्यायचा हे शिकवतो. पण वर्षभर हे शिकवल्यावर एक गोष्ट कळून चुकली. अपघात झाल्यावर काय करायचे हे आपण शिकतो, मात्र अपघात होण्याआधी कोणीतरी काहीतरी पाहिलेले असते. ते तोंडातून बाहेर का पडत नाही? आजचा लेख त्याबद्दल आहे.

गोदीतले ते दोन तास

१४ एप्रिल १९४४. रे रोडपासून हार्बर लाइनने दोन स्टेशने पुढे, व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ नावाचे ब्रिटिश मालवाहू जहाज उभे होते. दुसरे महायुद्ध चालू होते. जहाजात सुमारे १४०० टन स्फोटके होती. वाटेत कराचीला त्यातच कापसाच्या हजारो गाठी भरल्या गेल्या. शिवाय तेलाची पिंपे आणि लाकूड. कप्तानाने हरकत घेतली होती, पण युद्धाच्या घाईत ती कोणी ऐकली नाही. स्फोटके वाहणाऱ्या जहाजाने बंदरात लाल निशाण लावायचे असते. तेही लावलेले नव्हते. जहाज १२ तारखेला बंदरात आले, पण दोन दिवसांनंतरही स्फोटके पोटातच होती.

त्या दिवशी दुपारी साडेबाराच्या सुमारास शेजारच्या जहाजांवरच्या काही जणांना या जहाजातून धुराची रेघ निघताना दिसली. कोणी हाक दिली नाही. जेवणाच्या सुट्टीनंतर, दोनच्या आगेमागे, जहाजावरच्यांच्या लक्षात आले की खाली कापूस पेटला आहे. अग्निशमन दलाचे जवान धावत आले. कप्तान, गोदीचे अधिकारी, लष्कराचा स्फोटकांचा जाणकार, अग्निशमन दलाचे प्रमुख असे सगळे मोठे लोक तिथे जमले. जहाज जागेवरच बुडवावे, असे एकाचे मत. ओढून बाहेर समुद्रात न्यावे, असे दुसऱ्याचे. पाणी मारत राहावे, असे तिसऱ्याचे. शेवटचा शब्द कोणाचा, हेच ठरलेले नव्हते. आजूबाजूच्या धक्क्यांवर माथाड्यांचे काम चालूच होते. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाने दुसरा. अग्निशमन दलाचे ६६ जण मेले. सरकारी हिशेबाने एकूण मृत्यू सातशेच्या वर होते. खरा आकडा त्याहून बराच मोठा असावा असे मानले जाते. हजारो माणसे बेघर झाली.

मुंबईतले जुने लोक या स्फोटाची गोष्ट सांगताना सोन्याच्या विटा कुठे कुठे जाऊन पडल्या ते रंगवून सांगतात. चौकशी झाली तेव्हा आगीचे कारण म्हणून बोट दाखवले गेले ते कोण्या कामगाराच्या हातून पडलेल्या जळत्या सिगारेटकडे. असेलही. पण कापूस आणि स्फोटके एका जहाजात कोणी ठेवली? लाल निशाण कोणी लावले नाही? दोन तास हुकूम कोणी दिला नाही? सिगारेट विझवणे हे कामगाराचे काम होते, हे मान्य. बाकीची सगळी कामे साहेबांची होती.

आमच्या मते कामाच्या जागेवरच्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या अपघातात हेच दोन दोष सापडतात. ज्याला धूर दिसतो तो बोलत नाही, आणि ज्याच्या हातात हुकूम आहे तो वेळेवर थांबवत नाही. हेल्मेट, हातमोजे, पिवळ्या पाट्या सगळे त्यानंतर येते.

आम्ही टाकलेली सुई

दुसऱ्यावर बोट ठेवण्याआधी आमचीच गोष्ट सांगतो.

आम्ही एका रुग्णालयात होतो, नाव महत्त्वाचे नाही. मुंबईच्या कोणत्याही मोठ्या रुग्णालयात वॉर्डातले चतुर्थ श्रेणी कर्मचारी ‘मामा’ आणि ‘मावशी’ म्हणून ओळखले जातात. नाते प्रेमाचे, पण पगार ठेकेदाराचा. आमच्या वॉर्डातल्या एका मावशींना कचऱ्याची पिशवी उचलताना सुई टोचली. त्यांनी बोट नळाखाली धरले, पदराने पुसले आणि कामाला लागल्या. चौथ्या दिवशी त्यांनी आमच्यापैकी एकीला हळूच विचारले, “सिस्टर, सुई टोचली तर काय होतं ओ?”

सुई टोचल्यावर एचआयव्हीपासून बचावाची औषधे शक्य तर दोन तासांत, फार तर ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात. ती मुदत उलटून गेली होती. पुढचे सहा महिने प्रत्येक तपासणीच्या आदल्या रात्री मावशींना झोप नसायची. सुदैवाने काही निघाले नाही. पण त्या चार दिवस गप्प का राहिल्या? कारण महिन्यापूर्वी दुसऱ्या एका मावशींना टोचले होते, तेव्हा त्यांना भर वॉर्डात ऐकवले गेले होते, “डोळे फुटलेत का?” आणि ठेकेदाराने एक खाडा मांडला होता. ते ऐकवणारे कोणी परके नव्हते. आम्हीच होतो. आणि ती उघडी सुई पिशवीत टाकणारेही आमच्यापैकीच कोणीतरी होते. सुई पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात जायला हवी, हे आम्हाला पाठ होते. परीक्षेत आम्ही ते लिहिलेही होते.

मावशी आपल्याच समाजाच्या, आपल्यासारख्याच वस्तीतल्या. आम्ही पांढरा गणवेश घातला आणि एक पायरी वर चढलो. एका पायरीने माणसाची जीभ किती बदलते, हे आम्ही स्वतःवरून सांगतो.

नंतर त्या वॉर्डात नव्या इन्चार्ज सिस्टर आल्या. सकाळच्या फेरीत त्या आधी डॉक्टरांकडे जात नसत, मामा-मावशींकडे जात. “काल कुठे टोचलं? कुठे घसरलात? काय तुटलंय?” रोज हाच प्रश्न. त्यांनी एक वही ठेवली. तिच्यात कोणाचे नाव लिहायचे नाही. कुठे, कसे, किती वाजता एवढेच. पहिल्या वेळी एका डॉक्टरांची सुई सापडली, तेव्हा त्यांनी डॉक्टरांना सगळ्यांसमोर बोल न लावता सुईचा डबा दूरच्या टेबलावरून प्रत्येक ड्रेसिंग ट्रॉलीवर आणला. सगळ्या मावशींना कावीळ-बीच्या लशीचे तिन्ही डोस मिळेपर्यंत त्या कार्यालयाच्या मागे लागल्या.

पहिल्या दोन महिन्यांत वहीतल्या नोंदी वाढल्या. वरचे साहेब म्हणाले, “तुमच्या वॉर्डात अपघात वाढले.” अपघात वाढले नव्हते, बोलणे वाढले होते. त्यानंतर मात्र नोंदी खऱ्या अर्थाने उतरल्या. माणसे तीच, मावशी त्याच, पिशव्या त्याच. बदलली होती ती वॉर्डाची रीत.

तेव्हापासून एखाद्या ठिकाणी ‘शून्य अपघात’ असा फलक दिसला की आम्ही आधी विचारतो: इथे अपघात होत नाहीत, की सांगितले जात नाहीत?

दारूखान्यात

दारूखाना या नावातली दारू म्हणजे बंदुकीची. लकडी बंदर, कोल बंदर, पावडर बंदर अशी इथल्या धक्क्यांची नावे. इथे जुनी जहाजे तोडतात. १९७१ च्या युद्धात गाजलेली ‘विक्रांत’ ही विमानवाहू युद्धनौकाही २०१४ च्या अखेरीस इथेच तोडायला घेतली. उत्तर प्रदेश, बिहार, झारखंडातून आलेले मजूर गॅस कटरने पत्रा कापतात, हेल्पर तो ओढतात, बाहेर भंगाराची गोदामे तो गिळतात.

जुन्या जहाजाच्या इंजिनाच्या खोलीत आणि पाइपांभोवती ॲस्बेस्टॉस असतो. त्याचे तंतू श्वासातून फुफ्फुसात जाऊन बसतात आणि आजार वीस-तीस वर्षांनी डोके वर काढतो. तोवर मजूर गावी, मालक तिसराच, जहाजाचे नावही कोणाला आठवत नाही. रंगात शिसे असते; पत्रा कापताना त्याचा धूर होतो. टाकीत उरलेला तेलाचा वायू एका ठिणगीने पेटतो. आणि लोकांना सहसा माहीत नसलेली गोष्ट म्हणजे, लोखंड गंजताना हवेतला प्राणवायू खाते. वर्षानुवर्षे बंद असलेल्या गंजक्या टाकीत विषारी वायू नसला, तरी आत उतरणारा माणूस दोन श्वासांत कोसळू शकतो.

वर्गाला आलेल्या एका तरुणाच्या मनगटावर भाजल्याची जुनी, चिघळलेली जखम होती. वर टूथपेस्ट थापलेली. आम्ही जखम धुतली, विचारले, कधी झाले? तो म्हणाला, “दीदी, मुकादम को मत बताना.” आमच्या मावशींनी वेगळ्या भाषेत हेच सांगितले होते.

गेल्या वीस वर्षांत इथल्या जहाजतोड मजुरांमध्ये गोदी कामगारांच्या संघटनेने काम सुरू केले. सुरुवात कशापासून झाली? पिण्याचे पाणी, प्रथमोपचार, ओळखपत्र. कोणाला वाटेल, एवढ्या मोठ्या धोक्यापुढे हे काय! पण ज्याच्याकडे ओळखपत्र नाही त्याचा अपघात कागदावर होतच नाही. आणि ज्याच्या पाठीशी कोणी उभे आहे, तोच ‘या टाकीत आज उतरणार नाही’ म्हणू शकतो.

‘कामगारच ऐकत नाहीत’

मालक आणि साहेब नेहमी एक गोष्ट सांगतात: आम्ही हेल्मेट देतो, हातमोजे देतो, हेच लोक घालत नाहीत. ही तक्रार पूर्ण खोटी नाही. मे महिन्यात तापलेल्या पत्र्यावर जाड हातमोजे घालून काम करणे नकोसे होते. आमच्या मावशींनाही जाड हातमोज्यांत पिशवीची गाठ मारता येत नसे. पण मुकादम स्वतः उघड्या डोक्याने फिरतो, तेव्हा तो एक शब्द न बोलता सगळ्यांना शिकवतो की हेल्मेट फक्त तपासणीच्या दिवशी घालायचे असते. टनावर मजुरी असली, तर हळू काम करणाऱ्याची चूल विझते. साहेबाची भिंतीवरची पाटी ‘सुरक्षा प्रथम’ म्हणते आणि साहेबाचा फोन म्हणतो ‘संध्याकाळपर्यंत संपवा’. कामगार अडाणी नाही. दोन्हींतले खरे कोणते, ते त्याला अचूक कळते.

मार्च २०२५ मध्ये इथून जवळच, नागपाड्यात, बांधकाम चालू असलेल्या इमारतीची पाण्याची टाकी साफ करायला उतरलेले चार मजूर गुदमरून मेले. गटारात उतरून मेलेल्या आपल्या माणसांची यादी तर फार लांब आहे. २०१३ साली कायदा झाला. गटारातल्या मृत्यूंसाठी २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने दहा लाखांची भरपाई ठरवली आणि २०२३ साली ती तीस लाखांवर नेली. भरपाई मिळायलाच हवी, त्यासाठी लढायलाही हवे. पण धनादेश हा मेल्यानंतरचा कागद आहे. ‘आधी हवा तपासा, मग माणूस उतरवा’ हे म्हणण्याची हिंमत आणि ते ऐकण्याची सवय मेल्याआधी लागते.

पुढारी खाली उतरतो तेव्हा

गोदीत स्फोट झाला त्या दिवशी बाबासाहेबांना त्रेपन्न वर्षे पूर्ण झाली होती, आणि व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात ते मजूरमंत्री होते. त्याच्या चार महिने आधी, डिसेंबर १९४३ मध्ये, ते धनबादच्या कोळसा पट्ट्यात गेले होते. कचेरीत अहवाल मागवून थांबले नाहीत. स्वतः खाणीत उतरून कामगार कसे काम करतात ते पाहिले, त्यांची घरे पाहिली. खाणींच्या सुरक्षिततेसंबंधीचे दुरुस्ती विधेयक, खाणकामगार स्त्रियांचा प्रसूती लाभ, १९४६ च्या कारखाना दुरुस्तीने आठवड्याचे ५४ तास ४८ वर येणे, ही कामे त्यांच्या मजूरमंत्रिपदाच्या काळातली. थकलेला माणूस जास्त चुका करतो, हे प्रत्येक रात्रपाळीच्या परिचारिकेला ठाऊक आहे. म्हणून कामाचे तास कमी होणे ही आमच्या दृष्टीने सुरक्षेचीच बाब आहे.

परदेशातले एक उदाहरण पाहा. १९८७ साली पॉल ओनील अमेरिकेतल्या अल्कोआ या ॲल्युमिनियम कंपनीचे प्रमुख झाले. पहिल्या भाषणात ते नफ्याऐवजी कामगारांच्या सुरक्षेवर बोलले, तेव्हा भागधारक बुचकळ्यात पडले. पुढे कारखान्यातली विषबाधेची घटना वर न कळवणाऱ्या एका बड्या अधिकाऱ्याला त्यांनी घरी पाठवले. अपघात होण्यापेक्षा तो लपवणे मोठा गुन्हा, हे त्यातून सगळ्या कंपनीला समजले. इजा घटल्या, आणि नफाही वाढला.

पण असा साहेब मिळेपर्यंत वाट पाहायची का? आमच्या वॉर्डातल्या इन्चार्ज सिस्टर बदलून गेल्या, तेव्हा वही काही महिन्यांत कपाटात गेली. चांगला माणूस येतो आणि जातो. म्हणून रीत कागदावर आणि संघटनेत उतरली पाहिजे. भोपाळच्या दुर्घटनेनंतर, १९८७ सालीच, आपल्याकडे कारखाना कायद्यात धोकादायक कामांसाठी सुरक्षा समितीची तरतूद आली. तिच्यात कामगारांचे प्रतिनिधी व्यवस्थापनाच्या बरोबरीने बसावेत, आणि धोका दिसला तर तो कळवण्याचा हक्क कामगाराला असावा, असे तिच्यात होते. कायद्यांची नावे बदलली, तरी हे दोन हक्क सोडायचे नाहीत. समितीत फक्त कायम कामगार बसत असतील आणि टाकीत ठेकेदाराचा माणूस उतरत असेल, तर ती समिती अर्धीच आहे.

पाच प्रश्न

आपण जिथे काम करतो तिथे हे पाच प्रश्न विचारून पाहा.

१. इथे सगळ्यात कमी पगाराचा माणूस काम थांबवा म्हणाला, तर काम थांबते का? आणि थांबल्या वेळेची मजुरी मिळते का?

२. थोडक्यात वाचलेल्या प्रसंगाची नोंद होते का, की रक्त दिसल्यावरच?

३. अपघातानंतर पहिला प्रश्न ‘कोणी केलं?’ असतो, की ‘कसं झालं?’

४. साहेब आणि मुकादम स्वतः तेच हेल्मेट, तेच बूट घालतात का?

५. आणीबाणीत शेवटचा हुकूम कोणाचा, हे सगळ्यांना आधीच माहीत आहे का?

आणि एक सूचना घरोघरी सांगा. टाकीत, गटारात, जहाजाच्या तळात कोणी कोसळला तर त्याच्यामागे उडी घेऊ नका. ओला रुमाल तोंडावर बांधून काही होत नाही. वाचवायला गेलेला दुसरा, त्याच्यामागे तिसरा, असेच बळी जातात. १०१ वर अग्निशमन दलाला बोलवा. आणि उतरण्याआधीच कमरेला दोर व वर माणूस नसेल, तर उतरूच नका.

आपल्या घरात

शेवटचे आपल्याच लोकांसाठी. या महिन्यात वस्तीवस्तीत मंडप पडतील, कमानी उभ्या राहतील, ट्रकवर ध्वनिवर्धक चढतील. रात्री एक वाजता बांबूवर चढून रोषणाईची वायर बांधणारा पोरगा सतरा-अठरा वर्षांचा असतो. त्याने खालून अध्यक्षांना सांगितले की “दादा, वायर उघडी आहे, उद्या सकाळी करू,” तर आपले अध्यक्ष काय म्हणतात? “घाबरतोस काय?” म्हणत असतील, तर आपल्या मंडळातही तोच मुकादम बसला आहे.

यंदा १४ एप्रिलला बाबासाहेबांना अभिवादन करण्याआधी प्रत्येक मंडळाच्या अध्यक्षाने, आणि आमच्यासह प्रत्येक इन्चार्जने, आपल्याखालच्या सगळ्यात लहान माणसाजवळ जाऊन एकदा विचारावे: “तुला कुठे धूर दिसतोय का?” उत्तर ऐकून घ्यावे, आणि ते ऐकल्याबद्दल त्याला जय भीम म्हणावे.